एक्केचाळीस भागांचे काका

आमच्या घरमालक काकांनी पहिल्या दिवशी मला खोलीचे नियम सांगितले नाहीत. दारातच विचारलं, "कुठून आलीस? काय काम? संगं कोन हाय?"

मी चाकूरच्या पुढच्या आमच्या खेड्याचं नाव सांगितलं, लातूरला बी.ए.ला प्रवेश मिळालाय असं म्हणाले आणि मागे पिठाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या वडिलांकडे हात केला. माझी तिन्ही उत्तरं त्यांनी मला शब्दाला शब्द परत ऐकवली. मग म्हणाले, "गावात घर कुठं म्हनायचं?"

"शाळेजवळ."

"दुसरी खूण?"

मी वडिलांकडे बघितलं. आमचं गाव एवढं लहान आहे की तिथं घराची खूण कुणी विचारत नाही. वडील म्हणाले, "गिरणीच्या समोर."

"शाळेजवळ, गिरणीसमोर. हां, आता घर सापडलं," काका म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. मी जिना चढत होते तेव्हा खालून आवाज आला, "माय, आगीची मालिका बघितलीस का?"

मी नाही म्हणाले. वर खोलीत माझ्याआधी राहायला आलेली शिवकांता होती. ती अर्धापूरची, तिच्या कपाटात कपड्यांपेक्षा केळी जास्त. ती हसून म्हणाली, "न्हाई म्हनलीस ना? आता सुटका न्हाई तुजी."

काकांबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे मला अजून ठरवता येत नाही. मी त्यांच्या घरात तीन वर्षं राहिले. आता एम.ए.साठी नांदेडला आहे. तरी ते मला पूर्ण समजले असं म्हणायची माझी हिंमत नाही. जे पाहिलं तेवढं लिहिते.

ती मालिका परदेशी होती, हिंदीत बोलणारी. काकांच्या भाच्यानं ती कधीतरी पेन ड्राइव्हमध्ये घालून आणून दिली होती. साठ भाग. एक अग्निशमन केंद्र, तिथली सात माणसं, त्यांची गाडी, त्यांचं स्वयंपाकघर. काका तिचं नाव कधीच घेत नसत, "आपली मालिका" म्हणत. माणसांची परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. मोठे साहेब, डावखुरा, शिडीवाली, भांडकुदळ, असे सगळे. आणि आठवी एक फोनवाली. ती कधी दिसत नसे. नुसता तिचा आवाज. आग लागली की फोन वाजे, ती तीन प्रश्न विचारी आणि घंटा होई. कुठं, काय पेटलंय, आत कोण आहे.

हे तीन प्रश्न काकांनी मालिकेतून उचललेत, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण ते आधीपासून त्यांचेच होते. एका तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात ते सगळी नोकरी फोनवर बसले होते. बंबावर ते कधी चढले नाहीत. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, घंटा मारायची. गाडी निघून जायची आणि ते खोलीत एकटे उरायचे.

काका ती मालिका सगळ्यांना सुचवत. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. दूधवाल्याला, विजेचं मीटर बघायला येणाऱ्याला, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस तर त्यांचा हक्काचा होता. टाकी खाली ठेवून तो घाम पुसत असे तेव्हा काका त्याला समजावत, "हे बगा, पहिले सहा भाग तुमाला आवडायचे न्हाईत. मला बी आवडले न्हाईत. उगं भांडत बसतेत. पन सातवा बगा. सातव्यात गाडी निघती."

"काका, टायम कुठं हाय?"

"बेचाळीस मिन्टाचा एक भाग. तुमी टाकी लावून देऊन चहा पिऊस्तर अर्धा होतोय."

"हिरो कोन हाय त्याच्यात?"

इथं काका एक बोट वर करत. "तेच तर. हिरो न्हाई. सात जण हायत. एक जण न्हाई आला तर गाडी हलत न्हाई. असली मालिका आपल्याकडं कुनी काढत न्हाई."

मग कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे ते लिहून देत: भाग सात, भाग बारा, भाग एकोणतीस. गॅसवाल्याकडे अशी किती पानं जमली असतील देव जाणे. एकदा मी त्याला जिन्यात विचारलं, "तुम्ही बघितली का?" तो म्हणाला, "बाई, मी टाक्या उचलतो. मला आगीचं घरी बघायला सांगतंय व्हय कुनी?"

एका लग्नात काकांनी नवऱ्या मुलाच्या बापाला अक्षता पडायच्या आधी धरलं होतं, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. "वरात दारात उभी अन् ह्ये त्यान्ला एकोनतिसावा भाग सांगून राहिले," एवढं बोलून त्या भाकरी उलटायच्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती का कौतुक, तेही मला कधी नीट ओळखता आलं नाही.

संध्याकाळी साडेसातला खालच्या खोलीत मालिका लागत असे. काका, काकू, मी आणि शिवकांता. नियम एकच होता, पण पक्का: चौघं असल्याशिवाय भाग लावायचा नाही आणि एकट्यानं पुढं जायचं नाही. शिवकांता गावाला गेली की मालिका थांबे. तिला परत यायला चार दिवस लागले तर चार दिवस टीव्हीवर कापड.

दुसरा एक रिवाज जेवणाचा होता. मालिकेतल्या केंद्रात सगळे एका टेबलावर जेवायला बसत आणि घंटा झाली की अर्धं ताट तसंच टाकून पळत. जाताना प्रत्येक जण आपल्या ताटावर दुसरं ताट झाकून जाई. परत आल्यावर तेच ताट उघडून जेवायचं. काका म्हणाले, "आमच्याकडं बी असंच होतं. गेलेल्याच्या ताटाला कुनी हात लावायचा न्हाई. झाकून ठेवायचं." त्यांच्या घरात हे अजून चालू होतं. जेवताना माझा फोन आला आणि मी उठून बाहेर गेले, तर परत येईपर्यंत माझ्या ताटावर ताट झाकलेलं असायचं. घरी आमच्याकडे कोण जेवतं, कोण उठतं, कुणाचं लक्ष नसायचं. मला पहिल्यांदा ते झाकलेलं ताट बघून का कोण जाणे रडू आलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

आता न कळणाऱ्या गोष्टी सांगते.

काका मालिकेतली आग बघत नसत. फोन वाजला की ते पुढे सरकून बसत, फोनवालीबरोबर ओठ हलवत, घंटेला मान डोलवत. गाडी दारातून बाहेर पडली, वळणावरून गेली आणि पडद्यावर पहिला धूर दिसला की उठून अंगणात जात. नळाखाली तांब्या घासत बसत, पाणी असलं तर. नसलं तर कोरडाच पुसत. आत आमची माणसं भिंती फोडत, शिड्या लावत, आणि काका बाहेर. आगीची मालिका म्हणून गावभर सुचवणारा माणूस आग बघत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

आवाज शांत झाला की ते दाराशी येऊन विचारत, "निघाले का समदे?"

"निघाले काका."

मग आत येत. पुढचं सगळं मन लावून बघत. अंग धुणं, भांडणं, झाकलेली ताटं उघडणं.

पण नेहमीच सगळे निघत असं नव्हतं. नवव्या भागात एक आजोबा आत राहिले. काका दाराशी आले, हातात तांब्या, विचारलं. शिवकांता पटकन म्हणाली, "निघाले काका, समदे निघाले." काका आत येऊन बसले. पडद्यावर सगळे मान खाली घालून बसलेले आणि काका खुशीत विचारतायत, "ह्यांचं भांडन झालं वाटतं?" काकू लसूण सोलत होत्या. त्यांना सगळं दिसत होतं.

वर आल्यावर मी म्हणाले, "आपण खोटं बोललो."

शिवकांता म्हणाली, "मालिकेतलं खोटं. त्याला काय हुतंय?"

त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी आत राहिलं, आम्ही "निघाले" म्हणालो. मी सुद्धा म्हणाले. ते मला चांगलं वाटत नव्हतं, पण दुसरं काय म्हणावं तेही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट. एक्केचाळिसावा भाग झाला की काका पेन ड्राइव्ह काढत, टीव्हीवर कापड टाकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला भाग लावत. पहिल्या वर्षी मला वाटलं पुढचे भाग खराब झाले असतील. मी विचारलं तर काका म्हणाले, "हायत की. साठ हायत."

"मग आपण पुढचे का बघत नाही?"

"भाच्यानं सांगितलं बेचाळिसाव्यात काय हाय ते." मग म्हणाले, "फोनवाली चुकती. गाडी भलतीकडं धाडती."

"मग?"

"मग काय होतं ते त्येनं सांगितलं न्हाई. मी बी त्येला बोलू दिलं न्हाई. कुनीतरी बघून मला सांगावं, असं वाटतंय. ह्या घरात किती पोरी येऊन गेल्या, किती जणान्ला म्या मालिका सांगितली. पोरी एक्केचाळिसाव्याशी थांबतेत, बाकीचे सातव्याच्या बी फुडं जात न्हाईत."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ते मालिका सुचवत नव्हते, काहीतरी मागत होते. गॅसवाल्याकडे, दूधवाल्याकडे, एसटीतल्या बाईकडे. पण मग एकट्यानं पुढं जायचं नाही हा नियम का? कुणी बघावं असंही वाटतं आणि कुणी बघू नये असंही.

याच सुमाराला कॉलेजात मराठीच्या सरांनी आवडत्या कलाकृतीवर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. बाकीच्या मुलींनी पुस्तकं घेतली. मी घरात अभ्यासाशिवाय एकही पुस्तक नसलेली. मी आपली मालिका घेतली. मी काकांसारखंच सांगितलं, की पहिले सहा भाग आवडणार नाहीत, हिच्यात हिरो नाही, सात जण आहेत. सरांनी विचारलं, "मग गोष्ट कुणाची आहे?" मी म्हणाले, "फोनवालीची." सर म्हणाले, "ती पडद्यावर येते का?" मी म्हणाले, "नाही." वर्ग हसला. मी खाली बसले. पण माझं उत्तर चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

वडील एकदा तुरीची डाळ आणि हुरडा घेऊन आले होते. काकांनी त्यांना बसवलं आणि सातवा भाग लावला. वडील टीव्हीसमोर पाहुण्यासारखे पाठ ताठ करून बसले. काका अंगणात गेले, परत आले. वडील गंभीरपणे म्हणाले, "मालक, एक इचारू का? ह्येंचं पानी संपत न्हाई का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बघ. इतक्या वर्सांत पहिल्यांदा कुनी बरोबर प्रश्न केला." मग दोघं तासभर बोलत बसले. उन्हाळ्यात बंब भरायला विहीर शोधत कसं फिरावं लागे, एका टाकीत किती आग विझते, उरलेल्या आगीला माती कशी टाकतात. वडील जाताना मला म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन कशाची तरी वाट बघून राहिलाय."

ती वाट कशाची, ते मला काकूंनी सांगितलं. दुपार होती, काका भाजी आणायला गेले होते. मी लसूण सोलायला बसले होते. मी विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "त्येन्ला एक फोन आल्ता. लई वर्सं झाली. घर पेटलंय, मारुतीच्या पारापाशी. ह्येनी लिहून घेतलं, घंटा मारली. गाडी गेली. गावात मारुतीचे पार दोन. एक जुन्या गावात, एक पेठंत. ह्ये रोज सकाळी पेठंतल्या मारुतीला जायचे. त्येन्ला मारुती म्हनलं की त्योच. इचारलंच न्हाई, कोन्ता म्हनून."

मी हातातला लसूण खाली ठेवला.

"गाडी पेठंत गेली. तितं काय बी न्हाई. मंग उलटी जुन्या गावात. त्या घरात सासरा हुता, आंधळा. मागच्या खोलीत. त्यो राहिला."

"काकांना माहीत आहे?"

"न्हाई. गाडी परत आली, त्येनी कुनाला इचारलं न्हाई. घरी येऊन मला म्हनले, एकच खूण घेतली गं. तेवढंच. मी दुसऱ्या दिवशी जुन्या गावात जाऊन आले. अर्धी मानसं म्हनली गाडी येळेवर आली असती तर म्हातारा वाचला असता. अर्धी म्हनली, फोन करायच्या आधीच त्यो गेल्ता, धुरानं. मी घरी येऊन ह्येन्ला काय सांगू? कोन्तं सांगू?"

"त्यांनी विचारलं असतं तर?"

"तर दोनी सांगितलं असतं. पन इचारलं पायजे ना, माय. न इचारता सांगितलं तर ते मारल्यावानी होतंय." त्यांनी लसणाची सालं पदरात गोळा केली. "पुढं त्येंच्यासंगं कुनी बोललं न्हाई, असं ह्येच म्हनतेत. केंद्रातले सात जण संगं जेवायचे, ह्ये खोलीत एकटे."

मला तेव्हा काकूंचा राग आला, मग काकांचा, मग कळेना कुणाचा यावा. एका घरात एक माणूस उत्तर घेऊन बसलंय आणि दुसरं प्रश्न गिळून बसलंय, आणि मध्ये रोज साडेसातला मालिका.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी काका-काकू उदगीरला लग्नाला गेले. शिवकांता अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली होती. घराची किल्ली माझ्याकडे. मी सकाळी दहा वाजता खालच्या खोलीत गेले आणि टीव्हीवरचं कापड काढलं. आपण नियम मोडतोय हे मला कळत होतं. काकांना सांगण्यासाठी मोडतोय, असं मी स्वतःला म्हणत होते. खरं म्हणजे मलाही कळून घ्यायचं होतं.

बेचाळिसावा भाग मी एकटीनं बघितला. फोनवालीनं एक रस्ता सांगितला, गाडी गेली, तिथं काही नव्हतं. गाडी योग्य जागी पोचेपर्यंत वरच्या मजल्यावर काम करणारा एक शिंपी आत राहिला. सगळे परत आले. कुणी कुणाशी बोललं नाही. ताटं उघडली. मग शिडीवाली उठली. तिनं एक नवीन ताट वाढलं, त्यावर दुसरं झाकलं आणि लांबलचक व्हरांड्यातून चालत फोनच्या खोलीपर्यंत गेली. दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग दार थोडं उघडलं आणि एक हात बाहेर आला. बाईचा साधा हात, मनगटावर घड्याळ. त्यानं ताट घेतलं. भाग संपला. पुढे मी दोन भाग बघितले. फोन वाजला, तोच आवाज, तेच प्रश्न. त्या चुकीचं कुणी परत नावही काढलं नाही.

एवढंच? मला वाटलं होतं मोठा काहीतरी निकाल लागेल. शिक्षा होईल, नाहीतर माफी. हे काकांना काय म्हणून सांगायचं?

ते संध्याकाळी आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा काकांनी टीव्हीकडे बघितलं. कापडाची घडी मी उलट्या बाजूनं टाकली होती. त्यांच्या लक्षात आलं.

"बघितलंस?"

"हाव, काका."

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. ते खुर्चीवर बसले. चहाला हात लावला नाही. "फोनवालीला काय केलं त्येंनी?"

मी सांगितलं. ताट वाढलं, झाकलं, व्हरांड्यातून नेलं, दार वाजवलं.

"कुनी नेलं ताट?"

"शिडीवालीनं."

"शिडीवालीनं ताट नेलं," त्यांनी परत म्हटलं. "दार उघडलं फोनवालीनं?"

"बराच वेळ नाही उघडलं. मग उघडलं. हात तेवढा दिसला. ताट घेतलं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, लग्नातलं लुगडं अजून अंगावर. काका माझ्याशी बोलत होते का त्यांच्याशी, ते मला कळलं नाही.

"मला बी आणलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी. आमचा डायवर आला होता ताट घेऊन. तीनदा दार वाजवलं त्येनं. म्या आतून कडी काढली न्हाई. वाटलं, ताटाच्या मागून तो सांगंल, काय झालं ते. सकाळी बघितलं तर ताट दाराशीच, झाकलेलं. रातभर तसंच होतं. कुनी हात लावला न्हाई त्येला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं कुणी बोललं नाही, असंच त्यांनाही वाटत होतं.

काका उठले. काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि पहिल्या दिवशी दारात त्यांनी मला ज्या आवाजात प्रश्न विचारले होते, त्याच सपाट, फोनवरच्या आवाजात विचारलं, "आत कोन होतं?"

मी चहाचा कप तसाच ठेवून वर निघून आले. जिन्यात मला गॅस बंद केल्याचा आवाज आला. पुढे काकूंनी काय सांगितलं, एक सांगितलं का दोन्ही, आणि काकांनी त्यातलं कोणतं घेतलं, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. शिवकांता म्हणाली होती की तू विचारायला पाहिजे होतं. कदाचित बरोबर असेल.

चार दिवस टीव्हीवर कापड होतं. काका नेहमीसारखे होते; गॅसवाला आला तेव्हा त्याला त्यांनी काही सुचवलं नाही, एवढाच फरक. पाचव्या दिवशी साडेसातला खालून हाक आली, "माय, या दोघी. चौघं लागतेत."

त्यांनी बेचाळिसावा लावला. शिवकांताला मी सगळं सांगितलेलं होतं, ती माझा हात धरून बसली. फोन वाजला. फोनवालीनं रस्ता सांगितला. काकांचे ओठ हलले नाहीत. घंटा झाली, गाडी निघाली, भलत्या रस्त्यावर पोचली, परत फिरली. पडद्यावर धूर आला आणि काका उठले.

पण अंगणात गेले नाहीत. दाराच्या चौकटीत, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तांब्या घेतला नव्हता. दोन्ही हात चौकटीला. आत आग चालू होती, आवाज येत होता, काका बाहेरच्या अंधाराकडे बघत होते.

मग आवाज थांबला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "निघाले का समदे?"

शिवकांतानं माझा हात दाबला. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या डोळ्यांत हो होतं का नको, ते मला वाचता आलं नाही.

मी म्हणाले, "न्हाई काका. एक राहिला."

"कोन?"

"शिंपी. वरच्या मजल्यावरचा."

"शिंपी राहिला. वरच्या मजल्यावरचा," त्यांनी शब्दाला शब्द परत म्हटलं.

मग ते वळले, आत आले आणि खुर्चीवर बसले. पडद्यावर सगळे परत आले होते, कुणी बोलत नव्हतं. शिवकांताला ते बघवेना, ती उठायला लागली. काकांनी तिच्याकडे न बघता हात आडवा केला.

"बस, बस. उठू नको," ते म्हणाले. "आता ताट येतंय."